वाशीचं नर्सिंग टीचर्ससाठीचं जिनोमिक्स वर्कशॉप : सकाळ एक नंबर, दुपार वाया

नर्सिंग कॉलेजला शिकवत असाल तर हे एक दिवसाचं जिनोमिक्सचं (म्हणजे आपल्या सगळ्या जीन्सच्या अभ्यासाचं) वर्कशॉप नक्की करा, फक्त दुपारकडून फार अपेक्षा ठेवू नका. 2021 च्या सिलॅबसमध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने चौथ्या सेमिस्टरला पॅथॉलॉजीसोबत जेनेटिक्स घातलंय, पण शिकवणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणींनी हा विषय मेंडेलच्या वाटाण्यांपर्यंतच बघितलेला, मग मुलींना नोट्स उतरवून द्यायच्या आणि पुढे जायचं, आणि त्याच मुली उद्या जव्हार-मोखाड्याला सिकल सेलच्या (आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या) पेशंटसमोर उभ्या राहणार.

सकाळचं सेशन मात्र भारीच. मॅडमनी पीपीटी बंद केली, कोरे कागद वाटले आणि प्रत्येकीला आपल्याच घरच्या तीन पिढ्या काढायला लावल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर आतून काळा, नात्यात लग्न असेल तर दोन रेषा. माझ्या शेजारच्या मॅडमच्या आजोबांनी मामाची मुलगी केलेली, त्यांनी ती दुसरी रेषा ओढली आणि मग आपल्याकडे ही रेषा किती घरांत निघेल यावर जी चर्चा रंगली ना, चहा राहिला बाजूला.

मग थॅलेसेमिया, हाही आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. दोन नाणी, एक आईचं एक बाबांचं, दोघंही मायनर, म्हणजे दोष एकाच जीनमध्ये, छापा म्हणजे तो दोष, दोन्हीवर छापा पडला तर बाळ मेजर, म्हणजे गंभीर आजार. चारात एक म्हणजे पहिलं मूल मेजर झालं की पुढची तीन सुटली असं खूप आईवडील धरून चालतात, तसं नाहीये, दर प्रेग्नन्सीला नाणी नव्याने उडतात, 25 टक्के ते 25 टक्केच. हे उद्या वर्गात जसंच्या तसं करता येतं.

दुपारी सगळं सिक्वेन्सिंग मशीनवर (डीएनए वाचणारं मशीन), सरांनी स्लाइड नुसत्या वाचल्या. बीआरसीएचं, म्हणजे ज्यात दोष असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो त्या जीनचं, नाव आलं, पण हा दोष वडिलांकडूनही मुलीला येतो, म्हणून हिस्टरी घेताना आत्या आणि बाबांची आई पण विचारायची, हे कोणी बोललंच नाही. आपल्या केसशीटवर फॅमिली हिस्टरीसमोर सर्रास 'निल' लिहितात, खरं काम तिथेच आहे. खारघरला ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) कॅन्सर जेनेटिक्सचं काम चालतं, इतक्या जवळ असून तिथलं कोणी बोलवायला हवं होतं असं मनापासून वाटलं.

ठाण्याहून ट्रान्सहार्बरने सरळ जाता येतं, जेवण ठीक. नाव नोंदवण्याआधी दुपारी कोण शिकवणार ते मात्र विचारून घ्या.