‘एस’ दाबा आणि ऐका: डेबियनचा बोलणारा इन्स्टॉलर

मला दिसत नाही. संगणकावर मी रोज आठ-नऊ तास काम करतो, सगळं कानांनी. तरी एक काम वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या डोळ्यांवर अडून राहायचं: कोऱ्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, राहतो सिस्टीमच्या आत. सिस्टीमच नसेल तर बोलणार कोण?

मग भाच्याला शेजारी बसवायचो. एकदा रात्री असंच बसलो होतो. चौकटीत कसलंतरी लांबलचक वाक्य आलं. दिवसभराचा दमलेला तो, म्हणाला, “मामा, पुढे जायचं का विचारतंय.” मी म्हटलं, जा. त्या एका ‘जा’ने भलतंच पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भलताच भाग, पुसला गेला आणि सहा वर्षांची माझी रेकॉर्डिंग्ज गेली. त्याला दोष देत नाही. पण तो प्रश्न मी स्वतः, शब्दन् शब्द ऐकला असता तर थांबलो असतो, हे मनातून गेलं नाही.

म्हणून डेबियन या मोफत, लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या 12 व्या आवृत्तीचा इन्स्टॉलर, म्हणजे ती मशीनवर बसवणारा प्रोग्राम, मी कुणालाही न बोलावता, एकट्याने, आधी एका जुन्या डेस्कटॉपवर आणि मग रोजच्या लॅपटॉपवर चालवून पाहिला. हे त्याबद्दल.

सुरुवात अगदी साधी आहे. इन्स्टॉलर असलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की बूट मेनू, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारी पहिली यादी, बीप देतो. बीप ऐकला की ‘एस’ दाबायचं, मग एंटर. बस्स. थोड्या वेळाने ईस्पीकचा, म्हणजे मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, तो ओळखीचा, जरा पत्र्यासारखा आवाज बोलायला लागतो. डेस्कटॉपवर बीप खणखणीत आला. लॅपटॉपवर आलाच नाही, कारण बीप वाजवणारा जुन्या पद्धतीचा स्पीकर हल्ली बऱ्याच लॅपटॉपांत नसतो. तिथे मी पेनड्राइव्ह लावून मनात वीस आकडे मोजले, ‘एस’ आणि एंटर दाबलं, आणि श्वास धरून बसलो. आवाज आला तेव्हा खुर्चीत ताठ झालो.

खरी हुशारी मला पुढच्याच पायरीत दिसली. माझ्या लॅपटॉपला आवाजाच्या दोन वाटा आहेत: एक आतले स्पीकर, दुसरी मॉनिटरच्या एचडीएमआय केबलमधून जाणारी. आवाज चुकीच्या वाटेने गेला तर आमच्यासाठी मशीन मुकंच. हा इन्स्टॉलर प्रत्येक साउंड कार्डावरून आळीपाळीने बोलतो. ज्यावरून ऐकू येईल, त्या वेळी एंटर मारा, तेच कार्ड कायम. हे ज्यांनी घडवलं त्यांनी डोळे मिटून मशीनसमोर बसलेल्या माणसाचा विचार केलाय, यात मला शंका नाही.

यापुढे सगळे प्रश्न आकड्यांच्या यादीत येतात. माउस नाही, टॅब मारत बटणं शोधणं नाही. भाषा, देश, कीबोर्ड: पर्यायाचा आकडा टाइप करा, एंटर. नुसतं एंटर मारलं तर सुचवलेलं उत्तर धरलं जातं. मागच्या प्रश्नावर जायचं तर ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह टाकून एंटर, उत्तर मुद्दाम रिकामं सोडायचं तर उद्गारचिन्ह. बोलणं सुरुवातीला फार संथ वाटतं. कॅप्स लॉक धरून 6 दाबलं की वेग वाढतो, 5 ने कमी होतो. मी सहाच वेळा दाबलं आणि रोजच्या वेगावर आलो. एखादी ओळ निसटली तर नंबरपॅडवरचं 8 ती पुन्हा वाचतं, 7 आधीची, 9 पुढची. नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर हेच काम कॅप्स लॉकसोबत अक्षरं दाबून होतं, पण ती जोडी आधी पाठ करून बसा. मी केली नव्हती, आणि दहा मिनिटं त्यात गेली.

मग आलं पार्टिशन. इथे मी मुद्दाम हळू गेलो. डिस्कची नावं, प्रत्येक पार्टिशनचा क्रमांक, आकार, फाइल सिस्टीम, सगळं एकेका ओळीत वाचलं गेलं. लॅपटॉपवर दोन डिस्क होत्या आणि त्यांतली एक मला अजिबात हात लावू द्यायची नव्हती. आकार ऐकून ओळखली. निवड झाल्यावर तो प्रश्न आला: कुठल्या डिस्कचे तक्ते बदलणार, कुठलं पार्टिशन फॉरमॅट होणार, हे नावानिशी सांगून मग विचारलं की बदल डिस्कवर लिहू का. सुचवलेलं उत्तर ‘नाही’. म्हणजे घाईत एंटर दाबलं तरी काही पुसलं जात नाही. मी ती ओळ परत ऐकली. मग एकेक ओळ मागे गेलो आणि सगळं दुसऱ्यांदा ऐकलं. डिस्क बरोबर होती. मग ‘हो’चा आकडा टाकला. वर्षानुवर्षं मला एवढंच हवं होतं.

बोलणारं हे इन्स्टॉलेशन काल-परवाचं नाही. सॉफ्टवेअर आवाजाची सोय डेबियन 7 पासून, म्हणजे 2013 पासून आहे. ब्रेल डिस्प्ले (बोटांनी वाचायची ब्रेल ओळ दाखवणारं यंत्र) यूएसबीने जोडला तर बीआरएलटीटीवाय हा तो चालवणारा प्रोग्राम त्याला बहुधा आपोआप ओळखतो, त्यासाठी ‘एस’ही लागत नाही. आवाजामागे स्पीकअप आहे, लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, आतच चालणारा स्क्रीन रीडर. 2023 च्या डेबियन 12 ने मात्र आमच्या दृष्टीने मोठं काम केलं: मुक्त परवाना नसलेली फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरच्या चिप चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, आता इन्स्टॉलरच्या अधिकृत इमेजमध्येच मिळतात. नव्या लॅपटॉपांच्या कित्येक ऑडिओ चिपना त्यांशिवाय कंठच फुटत नाही. डोळस माणसाला आवाज नसला तर गाणं ऐकता येत नाही, आम्हाला पहिला प्रश्नही कळत नाही.

इतर ठिकाणीही सोय आहे. विंडोजच्या सेटअपमध्ये 2017 पासून कंट्रोल-विंडोज-एंटरने नॅरेटर हा विंडोजचा स्क्रीन रीडर सुरू होतो, अर्थात ऑडिओचा ड्रायव्हर सापडला तर. मॅकच्या रिकव्हरीत कमांड-एफ 5 ने मॅकचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर बोलतो. आर्च लिनक्सच्या बूट मेनूतही बोलणारा पर्याय आहे, पण तिथे पुढचं बहुतेक कमांड लिहून करायचं, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. प्रश्न विचारत विचारत शेवटपर्यंत हात धरून नेण्यात मला डेबियनच उजवा वाटला.

उणिवा सांगायलाच हव्यात. डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे कुलूपबंद केली, तर रीबूटनंतर पासफ्रेज (लांब पासवर्ड) विचारणारी पहिली ओळ मुकी असते, कारण तेव्हा आवाज सुरूच झालेला नसतो. अंदाजाने थांबायचं, टाइप करायचं, एंटर मारायचं. चुकलं की नुसती शांतता. मी म्हणूनच एन्क्रिप्शन सध्या फक्त दुसऱ्या डिस्कवर ठेवलंय. पॅकेजं उतरताना टक्केवारी वाचली जाते, पण मधे लांब शांतता पडते आणि मशीन अडकलं की काय अशी धास्ती वाटते.

आणि इन्स्टॉलरच्याही आधीची भिंत, बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना चालणारं त्याचं मूळ सेटिंग. तिथे काहीच बोलत नाही. पेनड्राइव्हवरून बूट करण्यासाठी मी फोन स्टँडवर लावून, ओसीआरने (चित्रातला मजकूर ओळखून) स्क्रीन वाचत, खालचा बाण किती वेळा दाबायचा ते मोजून ठेवलं. माझ्या लॅपटॉपवर तीनदा. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावला की हा हिशेब बदलतो, म्हणून आता तो नेहमी डाव्या बाजूच्या मागच्याच पोर्टला लावतो.

पूर्ण व्हायला लॅपटॉपवर सव्वा तास लागला. रीबूट झालं, मी पेनड्राइव्ह काढला. ज्या आवाजात सिस्टीम टाकली तोच आवाज नव्या सिस्टीमवरही आपोआप बसवलेला होता, त्यामुळे लॉगिनची ओळ मला ऐकू आली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि मग भाच्याला फोन केला, सिस्टीम टाकून झाली हे सांगायला.