संघटनेचं सभासदत्व की एकट्याची शिकवणी?

घरी शिकवणी घेणाऱ्या संगीतशिक्षकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

एकट्याने शिकवण्यात मोकळीक मोठी. वर्गणी नाही, बैठका नाहीत, अभ्यासक्रम आपल्या मर्जीचा. अडचण गाण्यात येत नाही, व्यवहारात येते. विद्यार्थी ऐनवेळी 'आज येत नाही' असं कळवतो आणि महिनाअखेरीला पालक विचारतात, 'मग त्या तासाचे पैसे कसले?' लेखी काही ठरलेलं नसेल तर शिक्षक संकोचून गप्प बसतो.

नेमकी इथे संघटना कामी येते. ब्रिटनमध्ये १८८२ साली सुरू झालेली इंडिपेंडंट (पूर्वीची इन्कॉर्पोरेटेड) सोसायटी ऑफ म्युझिशियन्स सभासदांना करारपत्राचे नमुने, कायदेशीर सल्ला आणि विम्याचं संरक्षण देते. अमेरिकेतली म्युझिक टीचर्स नॅशनल असोसिएशन त्याहून जुनी, १८७६ची. तिची आचारसंहिता आहे आणि शिक्षकांसाठी प्रमाणपत्रही. गाण्यातलं फारसं न कळणाऱ्या पालकाला असा शिक्का आधार वाटतो. अर्थात शिक्का म्हणजे हातोटी नव्हे. सभासद असूनही कंटाळवाणं शिकवणारे असतातच!

नवे विद्यार्थी मात्र दोन्हीकडे बहुतेक तोंडी शिफारशीनेच येतात.

माझं मत विचाराल, तर चार-पाचच विद्यार्थी असताना घाई नको. फक्त तासाचे नियम कागदावर आणा. शिकवणीवरच घर चालत असेल तर वर्गणी वसूल होते. शिवाय पेटी वाजवताना मनगट आखडणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे विचारायला दुसरा शिक्षक भेटतो.