आर्थर बेल पिवळा गुलाब: परभणीच्या उन्हात दोन वर्षं

नर्सरीतून १८० रुपयाला आणलेलं कलम आहे, दोन वर्षं होऊ दिली आणि मग लिहायला बसलो, कारण आणल्या आणल्या सगळीच रोपं छान दिसतात. फ्लोरिबंडा आहे, म्हणजे एका दांडीला एकच मोठ्ठं फूल नाही, झुबका येतो. वास मस्त, बादलीभर पाणी घालायला वाकलं तरी येतो. गुलाबाच्या नवनव्या जाती काढणाऱ्या सॅम मॅक्ग्रेडीने १९६५ ला आणलेली व्हरायटी, तिकडे आयर्लंडच्या गारठ्यातली, त्यामुळे आपल्या ४३ डिग्रीत टिकते का नाही धाकधूक होती. नाव एका व्हिस्कीवाल्याचं आहे, हे आईला सांगितलेलं नाही, ती रोज सकाळी एक फूल दत्ताला वाहते.

आता तक्रार. नर्सरीवाल्याने पिशवीत मुळांभोवती जो लाल मातीचा गोळा दिला तो अक्षरशः दगड, वरून पाणी घातलं की बाजूने निघून जायचं आणि मुळं कोरडीच. पहिला महिनाभर एक पान हललं नाही. शेवटी उपटून बादलीत रात्रभर बुडवून ठेवलं, गोळा हाताने हळूहळू सोडवला, आणि काळ्या मातीत वाळू, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड मिसळून लावलं, डोळा भरलेला जोड, म्हणजे रानटी खुंटावर कलम बांधलेली जागा, मातीच्या वर ठेवून. मग कुठं फुटवे आले.

फुटवे आले आणि पानंच पिवळी! शिरा हिरव्या, मधला भाग लिंबासारखा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कामून रे, फुलं पिवळी पायजे होती ना, पानं पिवळी करायलास?" आपल्याकडं चुनखडीची जमीन, वरून बोअरचं जड पाणी, लोह मातीत असतं पण मुळांना मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) मातीत टाकून पाहिलं, काही फरक नाही, तिथंही चुना त्याला धरून बसतो. मग लिटरला ५ ग्रॅम हिराकस, थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारलं, आठवड्याने परत एकदा, तेव्हा नवीन पानं हिरवी आली.

रंगाचं खरं सांगतो. कळी उघडते तेव्हा हळदीसारखी पिवळीधमक, पण एप्रिलमध्ये सकाळी सातला पिवळं असलेलं फूल दुपारी दोनला सायीच्या रंगाचं. मला वाटलं दुसरंच रोप गळ्यात मारलं, भांडायला गाडी काढली होती. पण ही व्हरायटीच अशी उतरत जाते, आपल्या उन्हात जरा घाईने एवढंच. डिसेंबरात तेच फूल चार दिवस पिवळं राहतं आणि एकाच झुबक्यात पिवळी, फिकट, साईसारखी अशी तिन्ही दिसतात, ते मला आता जास्त आवडायलंय. पक्का पिवळा पाहिजे असेल तर हे घेऊ नका.

छाटणी दसऱ्यानंतर केली, दीड महिन्यात बहर. बाकी पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके आले पण थोडे, शेजारच्या लाल गुलाबाची पार काडी झाली होती. जोडाच्या खालून एक जोमदार फुटवा निघालेला, मी खूश होऊन वाढवत बसलो, तो निघाला खुंटाचा रानटी. रानटी ओळखायला एका देठावर सात पानं का पाच ते मोजू नका, कुठून निघालाय ते बघा आणि मुळापासून ओढून काढा.

पाचपैकी चार. एक त्या मातीच्या गोळ्याचा कापला. जूनमध्ये दुसरं आणतोय, पूर्वेच्या भिंतीला, दुपारची सावली येते तिथं.