पांढरी प्लेट की गडद?

भाचीला सहाच प्लेट घ्यायच्या आहेत, आणि ती चकचकीत पांढऱ्या आणि मॅट काळपट यांत अडकलीय. मी दोन्ही रोज वापरते, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट रंगाची, कारण अन्न उठून दिसतं ते विरोधामुळे. लाल रस्सा, हिरवी भाजी, बीट, गाजर पांढऱ्यावर झकास खुलतात. पण भात, दही, उकडलेला बटाटा पांढऱ्यावर हरवतात. तेच काळ्यावर ठेवा, भाताचं शीत न् शीत दिसतं. उलट वांगं किंवा खरपूस भाजलेलं काही काळ्यावर वाढलं की नुसता गडद ढीग. पदार्थ फिका असेल तर मात्र पांढऱ्यावरही वर चिरलेली कोथिंबीर टाकून काम भागतं. काळ्यावरच्या काळ्याला असा सोपा उपाय नाही.

डाग दोन्हीवर दिसतात. पांढरीच्या काठावरचा रश्शाचा ओघळ ओल्या फडक्याने एका हातात निघतो. गडद मॅटवर तेलकट बोटांचे ठसे उमटतात, चमचे-सुऱ्यांच्या करड्या रेघा पडतात. त्या खाण्याच्या सोड्याच्या लेपाने घासाव्या लागतात. रोज कोण घासणार?

आकाराचं म्हणाल तर रंग कुठलाही असो, फार मोठी घेऊ नका. तेवढंच अन्न मोठ्या प्लेटमध्ये कमी वाटतं. हा दृष्टिभ्रम देल्बफ या बेल्जियन मानसशास्त्रज्ञाने 1865 मध्येच मांडला होता.

रोजच्या जेवणाला, सगळ्या प्रकारच्या स्वयंपाकाला पांढरीच. पाहुण्यांपुढे फिके पदार्थ, गोड किंवा फळं मांडायची हौस असेल तर गडद दोन पुरेत.