बिनलेबलची डबी आणि आठ दिवसांत आलेला गुण

गेल्या महिन्यात मामाकडे गेलो होतो. हात धुवायला बेसिनपाशी गेलो आणि आरशाखालच्या फळीवर ती दिसली. मुरुमांच्या क्रीमची पांढरी प्लास्टिकची छोटी डबी, झाकणावर काळ्या मार्करने 'एन २' लिहिलेलं, बाकी कुठे एक अक्षर नाही. झाकण काढून वास घेतला. वरवर गुलाबाचा, खाली मेडिकलच्या दुकानातला. मी पूर्वी लावायचो त्या डबीवर 'एफ २' होतं, एवढाच काय तो फरक.

डबी मामेबहिणीची. पोरगी १९ वर्षांची आहे. त्या दिवशी तिला जे सांगितलं त्यातलं किती तिच्या डोक्यात शिरलं माहीत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

मला पहिला मुरूम आला आठवीत. दहावीपर्यंत दोन्ही गाल, कपाळ आणि पाठ भरली होती. आमचं गाव सांगलीजवळ. तिथे तोंडावर पुटकुळ्या असलेला पोरगा म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. एस.टी.त शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारणार, "पोट साफ होत नाही काय रं?" आत्ती म्हणायची, उष्णता आहे, सब्जा दे त्याला. आईने जायफळ उगाळून लावलं, मसुराच्या डाळीचं पीठ झालं, मुलतानी माती झाली, कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ झाली. जायफळाने तर अशी आग व्हायची की मी रात्री पंख्याखाली तोंड धरून बसायचो. कुणाचंच चुकलं नव्हतं, सगळ्यांना माझी काळजी होती. पण 'लग्न झालं की जातील' हे वाक्य पंधराव्या वर्षी ऐकायला कसं वाटतं, ते ऐकणाऱ्यालाच माहीत.

वर्गात मी भिंतीकडेला बसायचो, कारण माझा उजवा गाल जास्त खराब होता आणि तो भिंतीकडे राहायचा. उशीच्या अभ्र्यावर सकाळी पिवळट-लाल ठिपके असायचे, ते आईने बघू नयेत म्हणून मीच अभ्रा धुवायला टाकायचो. मिशा फुटल्यावर दाढी करणं हे वेगळंच संकट. वस्तरा फिरला की चार ठिकाणी रक्त. न्हाव्याने एकदा सरळ सांगितलं, "दादा, घरीच करा, दुसऱ्या गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही." त्यानंतर मी दाढीच वाढवली.

हे एवढं सांगितलं कारण फसवणूक क्लिनिकात सुरू होत नाही. दहा वर्षं तिची मशागत झालेली असते.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. पहिल्या पगारात स्वतःवर खर्च करायचा ठरवलं आणि काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर गुळगुळीत चेहऱ्यांचे फोटो अशा एका 'स्किन क्लिनिक'मध्ये शिरलो. नाव घेत नाही, आणि घेऊन उपयोगही नाही. अशी दुकानं पाटी बदलत असतात. एका मॅडमनी माझं तोंड एका खोक्यात घालायला लावलं. आत जांभळा उजेड पडला आणि स्क्रीनवर माझा चेहरा नारिंगी ठिपक्यांनी भरलेला दिसला. "सर, हे सगळे आतले बॅक्टेरिया. आत्ता नाही थांबवलं तर खड्डे कायमचे." मग पांढरा कोट घातलेले एक जण आले, तीन मिनिटं बोलले, गेले. मी त्यांना डॉक्टर समजलो. त्यांनी काही तसं म्हटलं नव्हतं, मीही विचारलं नाही. भिंतीवर नोंदणीचा क्रमांक नव्हता, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

पॅकेज ५५,००० चं, पण 'आज ठरवलं तर' ४२,०००. पैसे नाहीत म्हटल्यावर मॅडमनी टॅब पुढे केला. आधार, पॅन, एक ओटीपी. महिना ३,५०० चे १२ हप्ते, व्याज नाही. मला वाटलं मी क्लिनिकशी हप्ते बांधलेत. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज काढून पूर्ण रक्कम त्याच आठवड्यात क्लिनिकला देऊन टाकली होती. त्या क्षणापासून मी बरा होण्यात त्यांचा एक रुपयाचाही संबंध उरला नाही. हे मला चार महिन्यांनी कळलं.

पॅकेजमध्ये आठ पील, म्हणजे रसायन लावून वरची कातडी सोलून काढणं, आणि ती डबी. "आमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे सर, हर्बल बेस. रात्री पातळ थर लावायचा."

आणि गुण आला! आठ दिवसांत. लाली गेली, गाठी बसल्या, रंगही उजळला. दहा वर्षांत जे जायफळाने, डाळीने, नवसाने झालं नव्हतं ते आठवड्यात झालं. मी दाढी काढली. व्हिडिओ कॉलवर आई रडली. ऑफिसातल्या दोघांना मीच तिथे पाठवलं, आणि त्याची लाज मला पैसे गेल्यापेक्षा जास्त वाटते. त्या डबीवर संशय घेणं मला शक्यच नव्हतं. फसवणाऱ्या वस्तूने काम करायचं नसतं, अशी आपली समजूत. ही तर काम करत होती.

सात महिने लावली. संपली की पुढची ९०० रुपयांना, रोख, बिल नाही. मग आजी गेली, घाईत गावी आलो, डबी पुण्यातच राहिली. चौथ्या दिवशी चेहरा पेटला. पाणी मारलं तरी चटका बसायचा. आठव्या दिवशी गालांवर, हनुवटीवर एकसारख्या बारीक लाल फोडांचं पीकच आलं. पूर्वीच्या मुरुमांसारखे लहानमोठे नाहीत, सगळे एका मापाचे. दिवसकार्याला आलेले लोक आजीचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होते.

क्लिनिकला फोन केला तर म्हणाले, "सर, ही प्युरिफिकेशन फेज आहे, टॉक्सिन बाहेर पडतायत. क्रीम थांबवायचं नव्हतं." परत पुण्याला जाऊन लावलं, दोन दिवसांत शांत. पुन्हा दोन रात्री चुकल्या, पुन्हा आग. मग मात्र मला जरा समजायला लागलं. असंच गणित आमच्या गल्लीतल्या दारू पिणाऱ्या काकांचं होतं.

शेवटी मावशीच्या आग्रहाने मिरजेच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. त्वचा विभागातल्या डॉक्टरबाईंनी औषधाचं नाव विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "लावायचं बंद केल्यावर कितव्या दिवशी आग सुरू झाली?" मी चौथ्या म्हटलं. त्यांनी टॉर्च तिरका धरून आरसा माझ्या हातात दिला. गालावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा होत्या, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकाकत होती, आणि गालाच्या वरच्या भागावर, जिथे मला कधीच केस नव्हते, तिथे बारीक लव आली होती. "हे आता मुरूम नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्या चेहऱ्याला स्टिरॉइडची सवय लागलीये."

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. मुरुमात तेलाची ग्रंथी जास्त तेल सोडते, छिद्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल अशी स्टिरॉइडं फक्त सूज दाबतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून लाली जाते, चेहरा गोरा दिसतो. तेल, बूच, जंतू जागच्या जागी. उलट त्वचा पातळ होत जाते, आणि मलम थांबलं की आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात. ही औषधं वाईट नाहीत, इसबाला, सोरायसिसला तीच देतात, पण ठरावीक दिवस आणि ठरावीक जागी. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. पण डबीवर नावच नसलं तर कायदा कुणाला पकडणार? मला लघवीचीही तपासणी करायला लावली, कारण अशा गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये पारा निघतो आणि तो मूत्रपिंडावर जातो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडल्याची बातमी पुढे वाचली तेव्हा घशाला कोरड पडली. माझा रिपोर्ट चांगला आला.

त्यानंतरचे पाच महिने आयुष्यातले सगळ्यात वाईट. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि वाट बघणं. खरा मुरुमांचा इलाज त्याच्याही नंतर सुरू झाला. अडापालीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही लावायची औषधं, रात्री. पेरॉक्साइडने आमच्या घरातला निळा टॉवेल आणि दोन अभ्रे ठिकठिकाणी पांढरे पडले, आई अजून त्यावरून बोलते. फरक पडायला तीन महिने लागले. पाठीसाठी पुढे आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. रक्ततपासण्या, फाटलेले ओठ, आणि मुलींनी ते घेताना गर्भ राहणं अजिबात चालत नाही, हेही डॉक्टरांनीच नीट सांगायचं असतं. कुठल्याच डॉक्टरने मला 'आठ दिवसांत' म्हटलं नाही.

पैशांचं सांगतो. उपचार सोडले तरी हप्ते चालूच. फायनान्सवाले म्हणाले, सेवा आवडली नाही तो तुमचा आणि क्लिनिकचा प्रश्न, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बराच पाठपुरावा केल्यावर न घेतलेल्या पाच पीलचे १२,५०० परत मिळाले. क्रीमबद्दल काही नाही, कारण क्रीम कुठल्याच कागदावर नव्हतं आणि डबी मी रागाने कचऱ्यात फेकली होती. असा मूर्खपणा करू नका. डबी, तिचे फोटो, ऑनलाइन पेमेंट, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, सगळं ठेवा. डबी अन्न व औषध प्रशासनाकडे देता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. डॉक्टर खरा आहे का, हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकावरून कळतं. हे मला सगळं नंतर कळलं. आणि ज्यांची डबी आधीच चालू आहे त्यांनी घाबरून आज रात्रीपासून बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून कमी करत न्या.

मामेबहिणीला यातलं बरंचसं सांगितलं. माझ्या गालावरच्या शिरा उजेडात नेऊन दाखवल्या, त्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. तिने नीट बघितलं. मग माझ्या हातातून डबी काढून घेतली आणि झाकण लावलं.

"दादा, पण मला गुण आलाय," ती म्हणाली. "गॅदरिंग होऊ दे, मग दाखवते डॉक्टरला."

गॅदरिंग १८ तारखेला आहे. १९ ची मिरजेची वेळ मी घेऊन ठेवलीये, तिला अजून सांगितलेलं नाही.