दुकानातला निळा ठिपका

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी वापरलेला आयपॅड मिनी घेतला. सिमवाला आणि जीपीएसवाला म्हणून ३४ हजार रुपये मोजले. तो फक्त वायफायवर चालणारा निघाला आणि त्यात जीपीएसची चिपच नव्हती. हे मला घरी बसून कळलं असतं तर पैसे बुडाले म्हणून चार दिवस हळहळले असते. पण ते कळायच्या आधी आमची होडी चिखलात रुतली आणि होडीत सात वर्षांची भाची होती. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझं माहेर बेलापूरजवळचं दिवाळे कोळीवाडा. मी आता सीवूड्सला राहते, कॉलेजात शिकवते. दादाची छोटी इंजिनवाली होडी आहे. मला टॅबलेट हवा होता तो मुख्यतः वाचायला. जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या प्रती मोबाइलवर वाचता येत नाहीत, पानं ओढून ओढून बोटं दुखतात. शिवाय परीक्षेच्या काळात रोज लोकलनं ठाण्याला जाते, तेव्हा एका हातात मावेल असा हलका हवा होता. आणि तिसरं कारण दादा. हिवाळ्यात खाडीवर धुरकं उतरलं की किनारा दिसत नाही. तो मोबाइलवर समुद्राच्या नकाशाचं ॲप बघतो, पण पन्नाशीनंतर त्याला जवळचं नीट दिसेना. मोठा पडदा असेल तर बरं, असं तो दोन-तीनदा म्हणाला होता.

आयपॅड मिनीची सहावी आवृत्ती मला सगळ्या बाजूंनी पटली. २०२१ मध्ये आलेली, ८.३ इंचांचा पडदा, वजन तीनशे ग्रॅमच्या आत. नवा परवडत नव्हता, म्हणून वापरलेला शोधला. एवढं मात्र मला ठाऊक होतं की आयपॅडमध्ये जीपीएस फक्त सिमवाल्या मॉडेलमध्ये असतं, वायफायवाल्यात नसतं. ते मी दुकानदाराला पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं, "होडीवर वापरायचा आहे, जीपीएस असलंच पाहिजे." त्याचं उत्तर आलं, "मॅडम, सिमवालाच आहे, जीपीएस चालू, दुकानात येऊन चेक करा."

मी गेले. आयपॅड हातात घेतल्यावर पहिली शंका हीच आली की सिम घालायची खाच कुठे आहे? तो म्हणाला, "हा ई-सिमचा आहे, आता खाच येत नाही." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे. २०२४ पासून आलेल्या काही आयपॅडमध्ये खरोखरच खाच नाही, नुसतं ई-सिम आहे, म्हणजे वेगळं कार्ड न घालता आतच बसवलेलं सिम. पण मी घेत होते त्या सहाव्या मिनीच्या सिमवाल्या मॉडेलला खाच असतेच. मी बातम्यांमध्ये ई-सिमबद्दल वाचलं होतं, त्यामुळे मला ते पटलं.

मग त्यानं नकाशा उघडला. निळा ठिपका बरोबर त्याच्या दुकानावर, त्याच गल्लीत. "बघा, जीपीएस. रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहोत तेही दाखवतंय." मी समाधानानं मान डोलावली.

तो ठिपका जीपीएसचा नव्हता. आजूबाजूच्या दुकानांत, इमारतींत जी वायफाय राउटर असतात, त्यांपैकी कोणतं कुठे आहे याची नोंद ॲपल आणि गूगलसारख्या कंपन्यांकडे असते. टॅबलेट आजूबाजूच्या राउटरचे सिग्नल ऐकतो आणि त्यावरून आपली जागा ठरवतो. ठाण्याच्या बाजारात अशी राउटर दाटीवाटीनं आहेत, म्हणून ठिपका अचूक. माझ्या घरीही अचूक, कॉलेजातही अचूक. मी आठवडाभर कौतुकानं बघत होते. खाडीत राउटर नसतात. दुकानदाराला हे माहीत होतं.

बाकीचे खोटेपणा त्यामानानं छोटे. खोक्यावर "बॅटरी ९६ टक्के" असा स्टिकर होता. या मॉडेलमध्ये बॅटरीची तब्येत सेटिंगमध्ये दिसतच नाही, ती बहुधा संगणकाला जोडून काढावी लागते. "पाण्याला काही होत नाही" असंही तो म्हणाला. आयपॅडला पाण्यापासून संरक्षणाचा कुठलाच दर्जा दिलेला नाही, हे मी नंतर वाचलं. बिल साध्या कागदावर, जीएसटी क्रमांक नाही, खाली शिक्का, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." त्यावर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे सिमवाल्या प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, मात्र त्यानं वळणदार अक्षरात लिहून दिला होता. पैसे मी यूपीआयनं दिले, ते एका माणसाच्या नावावर गेले, दुकानाच्या नाही.

डिसेंबरात, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी आम्ही घारापुरीला निघालो. दादा, वहिनी, भाची आणि मी. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ठिपका विचित्र वागत होता, मध्येच उडी मारून पुढे जायचा आणि तिथंच थांबायचा. दादाला किनारा दिसत होता, अटल सेतूचे खांब दिसत होते, त्याला पडद्याची गरजच नव्हती. मी म्हटलं, काहीतरी सेटिंग राहिलं असेल.

दोनला परत फिरायचं ठरलं होतं. निघता निघता चार वाजले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी तळाला जातं, तेही खूप खाली. म्हणजे आम्ही भर सुकतीत परत येत होतो. त्यात धुरकं उतरलं. पुलाखालून पुढे आल्यावर सीवूड्सच्या इमारती दिसायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. तिथून पनवेल खाडीत शिरायला उजवीकडे वळावं लागतं. वळण चुकून पुढे गेलं की नेरूळ-करावेच्या बाजूचा गाळ लागतो.

दादा म्हणाला, "बाय, आता वलायला पायजे." मी आयपॅड बघून म्हटलं, अजून नाही, आपण पुलाजवळच आहोत. त्यानं पाण्याकडे पाहिलं, पुन्हा म्हणाला की पाण्याचा रंग बदलतोय. मी पडदा त्याच्यासमोर धरला. त्यात ठिपका ठळक होता, नकाशा मोठा होता, आणि मीच तो कौतुकानं आणून दिला होता. तो दोन-तीन मिनिटं तसाच पुढे गेला. मग म्हणाला, "बाय, यो ठिपका हालतच नाय गो." तोपर्यंत पंख्यानं चिखल उडवला होता. इंजिन बंद करून त्यानं बांबू टाकला. गुडघाभर पाणी, त्याखाली मऊ गाळ. उतरून ढकलायचं तर माणूस कमरेपर्यंत आत जातो.

दादाचा मोबाइल डब्यात बंद ठेवलेला होता. तो काढून ॲप उघडलं, तर आम्ही पाण्याच्या वाटेपासून बरेच बाहेर, उथळ रंगाच्या पट्ट्यात. आयपॅडवरचा ठिपका अजूनही मागे, पुलाजवळ गोठलेला. तो जुना झाला आहे, असं पडद्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. जवळपास ओळखीचं वायफाय सापडलं की उडी, नाही सापडलं की तिथंच मुक्काम, हा त्याचा दिवसभराचा हिशोब मला तेव्हा उलगडला.

सव्वापाच ते सव्वाआठ आम्ही तिथे होतो. पाणी पूर्ण गेलं, होडी एका कुशीवर कलली. आधी भाची दर दहा मिनिटांनी विचारायची, "आत्या, घरी कधी जायचं?" मग तिनं विचारणंच सोडलं. वहिनीनं तिला पदरात गुंडाळून घेतलं. दादा टॉर्च घेऊन उभा होता, कारण अंधारात मागून येणारी एखादी होडी आमच्यावर येऊ नये. तो मला एक शब्दही बोलला नाही. ते मला अजून जड जातं. तो लहानपणापासून बाबांबरोबर या पाण्यात वाढला, आणि मी त्याला त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू दिला नाही. होडी कलताना माझ्या हातातून आयपॅड निसटून फळीवर आपटला, एका कोपऱ्याला खोल ओरखडा पडला. भरतीचं पाणी आलं तशी होडी हळूहळू सरळ झाली आणि दादानं मोबाइल बघत बघत जेटीला लावली.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या भाच्यानं आयपॅड हातात घेतला आणि मिनिटभरात सांगितलं. सेटिंगमध्ये जनरल, त्यात अबाउट. तिथे मॉडेल क्रमांकावर एकदा बोट ठेवलं की ए अक्षरानं सुरू होणारा क्रमांक दिसतो. ए २५६७ म्हणजे वायफायवाला. सिमवाल्याचा ए २५६८. सिमवाल्यात याच पानावर आयएमईआयही दिसतो, माझ्यात ती ओळच नव्हती. हाच क्रमांक मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो. दुकानात त्यावर एक पारदर्शक कव्हर चढवून, वर दुकानाचा गोल स्टिकर लावलेला होता. मी तो सोलून पाहिला नव्हता.

मग बिलावरचा आयएमईआय कोणाचा? के-वाय-एम ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला. उत्तरात भलत्याच कंपनीच्या मोबाइलचं नाव आलं. म्हणजे गैरसमज किंवा नजरचूक झाली असेल, ही माझी उरलीसुरली शंकाही गेली. ही तपासणी सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरही होते. सिमवाली कुठलीही वस्तू घेताना पैसे देण्याआधी दुकानातच उभं राहून ती करा, दुकानदार कितीही घाई करो.

आणि जीपीएसची खरी परीक्षा अशी घ्या. वायफाय बंद, विमान मोड चालू, नकाशा आधीच उतरवून ठेवलेला. मग दुकानाबाहेर, उघड्या आकाशाखाली या आणि चालायला लागा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते फक्त उपग्रहांचं ऐकतं. पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागू शकतात, धीर धरा. ठिपका तुमच्याबरोबर चालला पाहिजे. अँड्रॉइड असेल तर जीपीएस टेस्ट नावाचं ॲप टाका, त्यात किती उपग्रह पकडले ते दिसतं, निदान चार हवेत. आयपॅडवर ॲपना ही माहिती मिळत नाही, म्हणून तिथे मॉडेल क्रमांक आणि चालून पाहणं, एवढेच उपाय. अनेक अँड्रॉइड टॅबलेटच्या वायफाय मॉडेलमध्येही जीपीएस असतं, पण सगळ्यांत नाही. वायफायवाला आयपॅड आधीच घरात असेल तर ब्लूटूथनं जोडायचा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो, गार्मिनचा ग्लो त्यातलाच. होडीवर उन्हाचाही विचार करा. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा असतो, भर दुपारी फळीवर ठेवला तर तापून स्वतःच काम थांबवतो.

दुकानात परत गेले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "लोकेशन दाखवतंय ना? मग जीपीएसच की." मी चिखलातली रात्र सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, समुद्राचं आम्ही कुठे सांगितलं होतं?" मी त्याचाच मेसेज त्याला दाखवला. तर म्हणाला, शिक्का वाचा.

तो शिक्का कायद्यापुढे टिकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिल न देणंही त्यातच येतं. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक, मेसेजचे फोटो, यूपीआयची नोंद आणि १४४२२ चं उत्तर जोडून दुकानाला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. खाली लिहिलं की पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथे पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. आधी बदली आयपॅड देतो म्हणाला, मग निम्मे पैसे. अकराव्या दिवशी पूर्ण ३४ हजार परत आले. मी आयपॅड देऊन टाकला आणि सुटले असं वाटलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर फोटो आला. "मिनी ६, सिमवाला, ई-सिम, जीपीएस चालू. घाई करा." मागच्या बाजूला कव्हर, त्यावर गोल स्टिकर. कोपऱ्यातला ओरखडा माझ्या ओळखीचा होता.