डीएनए किटचा रिव्ह्यू: साडेसहा हजार अन् एक लाल काटा

नांदेडहून लिहायलोय. लहान्या भावाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होतेत तो मनाचा आजार) आहे, कॉलेजात असताना सुरू झाला, आता गोळ्यांवर बराय. बायकोला चौथा महिना लागला तसा माझ्या डोक्यात एकच भुंगा, बाळाला पण होणार का, अन् रात्री मोबाईल चाळता चाळता ही घरबसल्या डीएनए टेस्ट दिसली, साडेसहा हजार. मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगं नोटीस यायची.

अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही अन् नळी रेघेपर्यंत थुंकीनं भरायची, फेस मोजायचा नाही. एप्रिलच्या दुपारी नांदेडात तोंडाला थुंकी येणार कुठून? वीस मिनिटं नळी धरून बसलो, शेवटी माय म्हणली चिंच आठव. तिच्यामुळं भरली.

महिन्यानं पीडीएफ आली, ३८ पानं. स्किझोफ्रेनियाच्या पानावर गाडीच्या मीटरसारखं चित्र, काटा लालमध्ये, 'वरच्या १० टक्क्यांत'. बस, पुढं काहीच समजावलेलं नाही. त्या रात्री दोघंही झोपलो नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन केला तर ती पोरगी मलाच 'बेबी प्लॅन' विकायली.

मग संभाजीनगरला एका जेनेटिक काउन्सेलर (घराण्यातल्या आजारांवर सल्ला देणाऱ्या) मॅडमकडं गेलो, फी ८००. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला अन् कोऱ्या कागदावर तीन पिढ्यांचे चौकोन-गोल काढले, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, भावाचा चौकोन तेवढा काळा केला. म्हणल्या, हा आजार शंभरात साधारण एकाला होतो, रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत नऊ-दहा जणांना, पुतण्या-पुतणीला तीन-चार. म्हणजे शंभरातली पंच्याण्णवच्या वर लेकरं ठणठणीत. एवढं कळायला थुंकायची गरजच नव्हती हो!

अन् तो लाल काटा? २०२२ च्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या डीएनएतल्या २८७ जागा सापडल्या, एकेक जागा चिमूटभर वजनाची, त्यांची बेरीज करून काटा काढतेत. त्या वरच्या १० टक्क्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. वर बेरजेचा आधार मुख्यतः युरोपियन लोकांचा, आपल्याला तो नीट लागू होत नाही, अन् हे कंपनीनं ३४ व्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय. ज्या तपासणीला खरंच अर्थ आहे ती यात नाहीच. २२ नंबरच्या क्रोमोसोमचा (डीएनएच्या गुंडाळीचा) एक तुकडा गळालेला असला तर साधारण चारातल्या एकाला हा आजार होतो, पण ते बघायला रक्ताची वेगळी तपासणी लागते, अन् ती आधी भावाची करायची, माझी नाही.

पुढचं ऐकून मी गारच पडलो. या आजाराशी जोडलेले बरेच जीन्स, म्हणजे डीएनएतल्या सूचना, बाळ पोटात असल्यापासून कामाला लागलेले असतेत, मेंदूच्या पेशी तयार करणं, त्या आपापल्या थरात नेऊन बसवणं, एकमेकींना जोडणं. 'वेडाचा जीन' असं काही नसतं, हे मेंदू बांधणारे गवंडी हायेत, म्हणून यातलेच काही जीन्स ऑटिझममध्ये (स्वमग्नतेत) पण सापडतेत. मग आजार विशीत कामून निघतो? तर मेंदू आधी जोडण्या जास्तीच्या करतो अन् नंतर कमी करतो, आपण ज्वारी दाट पेरून विरळणी करतो तसं. सी४ नावाच्या जीनवर २०१६ ला काम झालं, त्याचे काही प्रकार असले तर ही विरळणी जास्त होत असावी असा अंदाज आहे. आयआयटी मद्रासनं २०२४ ला पोटातल्या बाळाच्या मेंदूचा थ्रीडी नकाशा काढलाय, ५,१३२ चकत्यांचा, तो पण मॅडमनी मोबाईलवर दाखवला. बायको पोटावर हात ठेवून बघत बसली.

एक राहिलंच. मायनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून पोरगं असं झालं, हे आत्या आजार निघाल्यापासून ऐकवायली. मॅडम म्हणल्या, ग्रहणाचा काडीचा संबंध नाही, उपासमारीचा असतो, हॉलंडात १९४४-४५ च्या दुष्काळात पोटात असलेल्या लेकरांत हा आजार पुढं जवळजवळ दुप्पट दिसला. घरी येऊन मायला सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती चहा ठेवायला उठली.

किटला एक स्टार, तो पण कुरियरवाल्या पोराचा, उन्हात तिसऱ्या मजल्यावर आला. रिफंड मागितला तर म्हणायलेत सॅम्पल प्रोसेस झालंय, मिळणार नाही. मॅडमना पाच. चौकोन-गोलाचा कागद बायकोनं सोनोग्राफीच्या फाईलीत लावलाय.